झोपलेल्या घराचा पाळणा

पलंगाला खेटून लावलेली बेडसाइड क्रिब आपण पहिल्यांदा पाहतो तेव्हा नजर तिच्या रंगावर, कापडावर, चाकांवर फिरते. पण तिचा आस्वाद जिथून सुरू व्हावा ती जागा म्हणजे तिची आईकडची बाजू. उरलेल्या तीन बाजू उंच आणि ही एकच खाली उतरवलेली. तरीही ती पुरती उतरलेली नसते. बाळाच्या गादीपासून सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित अधिक उंचीचा एक टणक कठडा तिथे राखलेला असतो. पूर्वी ही बाजू थेट गादीच्या पातळीला येणाऱ्या क्रिबही विकल्या जात. युरोपात ईएन ११३० हे मानक २०१९ मध्ये नव्याने आखलं गेलं आणि हा अर्धा कठडा आवश्यक ठरला. आपण पलंगावर कुशीवर आडवं व्हावं आणि त्या कठड्यावरून हात टाकून पाहावा. मनगट सहज पलीकडे जातं, तळवा बाळाच्या छातीवर अलगद विसावतो, श्वासाची लहानशी लय बोटांना कळते. आणि तरीही आईच्या अंगावरची रजई त्या कठड्याला अडते, झोपेत सरकलेली उशी अडते, एखाद्या रात्री कुणाच्या ध्यानीमनी नसताना कुशीवर वळलेलं बाळही अडतं. हा कठडा आणखी खाली गेला असता तर त्याचा आडोसा उरला नसता, आणि फार वर गेला असता तर आडवं पडल्या पडल्या बाळाला स्पर्श करण्याचं सुख हरपलं असतं. जवळीक आणि अंतर यांचा असा नेमका मेळ एवढ्याशा मापात साधलेला पाहिला की या वस्तूच्या घडणीमागे कुणीतरी फार मायेने विचार केला आहे, हे पटतं.

आपल्या डोळ्यांना मात्र या वस्तूचं सौंदर्य पटकन दिसत नाही, कारण आपले डोळे दुसऱ्या पाळण्यावर पोसलेले आहेत. रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री फुलांनी मढवून हलवला जाणारा पाळणा, शिवजयंतीला शिवनेरीवर दोरी धरून हलवला जाणारा पाळणा, आणि घराघरांत बाराव्या दिवशी सजणारा बारशाचा पाळणा: झेंडूच्या माळा, मोत्यांचे गोंडे, वर गोल फिरणारं चिमणाळं, आत मऊ मऊ दुपट्यांच्या घड्या, कडेने बसवलेली झालर. पाळणा म्हटलं की हे वैभव मनात उभं राहतं आणि ते तसं राहावंही. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केल्यावर हसणाऱ्या बायकांच्या त्या घोळक्यात फुलांवाचूनचा पाळणा कुणी कल्पू नये. पण त्या क्षणी घरात काय चाललेलं असतं ते आपण आठवून पाहू. आजी दोरी धरून आहे, मावशी वाकून पाहते आहे, मामी घुगऱ्या वाटता वाटता एक डोळा पाळण्याकडे ठेवून आहे. बाळावर वीस डोळ्यांचा पहारा आहे. तो जाग्या घराचा पाळणा आहे. बेडसाइड क्रिब झोपलेल्या घरासाठी आहे. रात्री तीन वाजता, दिवे मालवलेले असताना, दोन-दोन तासांनी उठून थकलेल्या आईचे डोळे मिटलेले असताना, जेव्हा कुणीही पाहत नसतं, तेव्हा बाळाला ज्याच्या स्वाधीन करायचं ते हे स्थान. त्याच्या साधेपणातली प्रत्येक रेघ या एका गोष्टीतून उमटलेली आहे, आणि हे एकदा उमगलं की त्या रेघा आपल्याला सुंदर दिसू लागतात.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर अलंकार असूनही शोभा येत नाही, उलट हसंच होतं, असं तो समजावतो. काव्याचा प्राण औचित्यात आहे हे त्याचं म्हणणं मला या क्रिबपाशी उभं राहिल्यावर फार आपलं वाटतं. झालर, गोंडे, कडेने बांधायचे गुबगुबीत बंपर, कोपऱ्यात ठेवलेलं कापडी अस्वल हे सारे अलंकार जाग्या पाळण्यात शोभतात. झोपलेल्या घराच्या पाळण्यात तेच नाकातोंडाशी येऊन बसतात. म्हणूनच अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून पाळण्याच्या गुबगुबीत बंपरांची विक्रीच बंद केली.

आता गादीकडे येऊ, कारण निवड करताना सर्वाधिक गल्लत इथे होते. दुकानात आपण तळव्याने गादी दाबतो, ती खोल गेली की मन सुखावतं, आणि कडक लागली की ‘अहो, एवढंसं बाळ, त्याला हे टोचेल’ असं कुणीतरी म्हणतंच. ही करुणा खरी आहे, पण ती मोठ्यांच्या देहाची मोजपट्टी लावते. आपल्या खांद्यांना, कमरेला, मणक्याला जो मऊपणा हवासा वाटतो तो तीन किलोच्या देहाला लागत नाही. त्याला लागते ती न ढळणारी सपाटी. मऊ पृष्ठभागात बाळाचं डोकं रुततं. त्याने तोंड वळवलं की नाकाभोवती एक लहानसा खळगा तयार होतो, आणि सोडलेला श्वासच त्या खळग्यात साचून पुन्हा आत घेतला जातो. मोठं माणूस अशा वेळी झोपेतच मान वळवतं. नवजात बाळाच्या मानेत ते बळ अजून आलेलं नसतं. म्हणून चांगल्या क्रिबची गादी हात उचलताक्षणी पूर्ववत होते, तिच्यावर बाळ उचलल्यानंतर त्याच्या डोक्याची खूण उरत नाही, आणि ती चारही बाजूंना अशी नेटकी बसते की कडेला दोन बोटांहून अधिक जागा सापडू नये. ती क्रिबबरोबर आलेलीच असावी. ‘जरा मऊ व्हावं’ म्हणून वर दुसरी गादी टाकली की पहिल्या गादीसाठी बेतलेली सारी मापं मोडतात, आणि तो अर्ध्या वितीचा कठडाही त्या मानाने बुटका होऊन जातो.

सपाट म्हणजे खरोखर सपाट. दूध वर येऊ नये म्हणून डोक्याकडची बाजू उचलण्याची सोय काही क्रिबमध्ये असते, आणि विक्रेता ती मोठ्या कौतुकाने दाखवतो. ती सोय रात्रीसाठी वापरू नये. नवजात बाळाचं डोकं देहाच्या मानाने केवढं मोठं असतं हे आपण जाणतोच. उतारावर ते पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते, आणि अरुंद श्वासमार्ग तिथेच दुमडतो. जुन्या साडीची झोळी बांधून त्यात बाळाला निजवण्याची आपल्याकडची रीत किती हृद्य असली तरी तिच्यात हाच धोका लपलेला आहे, म्हणून झोळी ही कुणी शेजारी बसून असतानाच झुलावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने दहा अंशांहून अधिक उताराची झोपण्याची जागा नाकारली आहे. दुधाचं म्हणाल तर त्यासाठी खांदा आहे. पाजून झाल्यावर उभं धरून, पाठीवरून हात फिरवून ढेकर काढण्याची आजीची पद्धत कुठल्याही यंत्रणेहून सरस आहे.

आणि या सपाट गादीवर बाळ उताणं. हा बदल जगाने फार उशिरा शिकून घेतला. पालथ्या झोपेचा आणि पाळण्यातल्या अचानक मृत्यूंचा संबंध पुढे आल्यावर ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ना औषध, ना शस्त्रक्रिया, केवळ बाळाला पाठीवर निजवण्याने हे घडलं. त्या उताण्या मुद्रेत पाहण्यासारखंही पुष्कळ आहे: दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूंना टाकलेल्या, पोट श्वासागणिक वर-खाली होणारं, ओठ मधूनच काहीतरी चोखल्यासारखे हलणारे. आडोशाला काहीही ठेवलेलं नसल्यामुळे हे सारं आपल्याला उघड दिसतं.

इथेच जाळीचं मोल कळतं. क्रिबच्या भिंती जाळीच्या असल्या की हवा खेळते, आणि आई पापणी उचलते तेवढ्यात तिला बाळाचा चेहरा दिसतो. तिला उठावं लागत नाही, वाकावं लागत नाही. सिझेरियननंतरच्या पहिल्या आठवड्यांत, टाके ओढत असताना, या न वाकण्याची किंमत ज्या बाईने अनुभवली असेल तिलाच ठाऊक. मला मनातून लाकडी क्रिब अधिक भावते, तिच्या गजांतली सावली जमिनीवर पडलेली पाहायला आवडते. पण लाकडी घ्यायची तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत असायला हवं, कारण त्याहून रुंद फटीतून बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. डासांसाठी निराळी घुमटी मच्छरदाणी क्रिबवर टाकण्यापेक्षा मोठ्या पलंगाची मच्छरदाणीच आई आणि बाळ दोघांवरून ताणून घ्यावी. ती बाळाच्या तोंडावर ओघळत नाही, आणि दोघं एकाच छताखाली आल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच.

हे एकाच छताखाली असणं ही जुनी ओढ आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तीनशे वर्षांपूर्वी ‘आर्कूचिओ’ नावाची एक लाकडी चौकट प्रचारात होती. दूध पाजणाऱ्या दाईच्या अंथरुणातच ती ठेवत. खाली फळी, डोक्याशी उभा तक्ता, वरून कमान, आणि बाजूच्या फळीला कापून काढलेली अर्धवर्तुळाकार खाच, ज्यातून दाईला कुशीवर वळून बाळाला पाजता यावं. पांघरूण कमानीवर टेके, बाळाच्या तोंडावर येत नसे. दाईला डुलकी लागली तरी तिचा भार लाकडावर पडे. १७३० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या चौकटीचं वर्णन आकृतीसह छापून आलं, आणि बाळाला तिच्यात निजवलं नाही तर दाईला धर्मबहिष्काराची भीती घातली जाते, असंही त्यात नमूद होतं. त्या खाचेकडे पुन्हा पाहू. ती खाच नसती तर आर्कूचिओ एक पिंजरा झाला असता. एका अनाम सुताराने करवत धरून तेवढाच तुकडा कापून टाकला आणि संरक्षणाला वात्सल्याचा दरवाजा ठेवला. आजच्या क्रिबची उतरवलेली बाजू पाहताना मला त्या खाचेचा वंश दिसतो. न्यूझीलंडच्या माओरी विणकरांनी २००६ च्या सुमारास हाराकेके या पात्याच्या वनस्पतीपासून विणलेली ‘वाहाकुरा’ ही टोपलीही याच कुळातली: बाळ आईच्याच अंथरुणात, तरी स्वतःच्या विणलेल्या कडांच्या आत.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या एका प्रसूतिकक्षात हेलन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रात्रींचं चित्रण करून जो अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळं आईच्या खाटेवर, काही खाटेला जोडलेल्या क्रिबमध्ये, काही शेजारच्या सुट्या पाळण्यात होती. सुट्या पाळण्यातल्या बाळांच्या तुलनेत पहिल्या दोन्ही गटांतली बाळं अधिक वेळा अंगावर पिण्यासाठी वळली, अधिक वेळा प्यायली. जोडलेल्या क्रिबने आईच्या खाटेइतकंच साधलं होतं. दोन हातांचं अंतर आणि शून्य अंतर यांत पहिल्या दुधाचा केवढा फरक पडतो हे त्या चित्रणात दिसलं.

पण ‘जोडलेली’ हा शब्द खरा ठरवणं दुकानात होत नाही, ते आपल्या शयनगृहात होतं, आणि तिथे आपले मराठी पलंग फार मागण्या करतात. बहुतेक बेडसाइड क्रिबचे पाय पलंगाखाली सरकतील असे वाकवलेले असतात. आपल्याकडचा पलंग स्टोरेजचा, प्लायवूडचा, थेट जमिनीला टेकलेला. त्याखाली सरकायला बोटभर जागा नसते. मग क्रिब पलंगापासून वीतभर दूर उभी राहते, आणि मधल्या त्या दरीत कुणीतरी मायेने लोड ठेवतं. तो लोड कधीही ठेवू नये. बेडसाइड क्रिबसाठीच्या अमेरिकी मानकात ओढून पाहिल्यावरही पलंग आणि क्रिब यांच्यात अर्ध्या इंचाहून जास्त फट पडता कामा नये असा दंडक आहे, आणि त्या फटीत काही कोंबून ती भरण्याने दंडक पाळला जात नाही. म्हणून आधी घरी पलंगाखाली वाकून बघावं, जमिनीपासून गादीच्या माथ्यापर्यंतची उंची टेपने मोजावी, गादीच्या कडेला लाकडी पट्टी वर आलेली असेल तर तीही मोजावी. कापसाची गादी माणूस बसलं की दबते, तेव्हा मापही माणूस आडवं असताना घ्यावं. जमिनीवर टेकलेला पलंग असेल तर सरळ पायांची क्रिब शोधावी. ती न मिळाली तर चारही बाजू उंच असलेला सुटा पाळणा हाताच्या अंतरावर ठेवावा. त्यात कमीपणा नाही. बाळ त्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट जागेवर, निदान पहिले सहा महिने, हा बालरोगतज्ज्ञांचा मूळ सल्ला त्यानेही पुरा होतो.

पट्टे हा या वस्तूचा सर्वांत दुर्लक्षित अवयव. खोक्यातून निघतात तेव्हा ते काळे, रुक्ष, कुठल्याशा प्रवासी बॅगेचे वाटतात, आणि कित्येक घरांत ते कपाटातच राहतात. पण मोठ्या गादीच्या खालून जाऊन पलीकडच्या बाजूला आवळले जाणारे हे दोन पट्टेच क्रिबला पलंगाचा भाग बनवतात. ते बांधल्यावर कठडा धरून एक सणसणीत ओढ द्यावी. क्रिब हलली तर बकल पुन्हा आवळावं. हे रोज निजण्यापूर्वी एकदा करण्याची सवय बाळाच्या बाबांना लावावी, कारण गादी झोपेत सरकते आणि पट्टा ढिला पडतो.

आता त्या रिकामेपणाविषयी, जो घरातल्या वडीलधाऱ्यांना सलतो. आत एक घट्ट बसणारी चादर आणि बाळ. बाकी काही नाही. डोक्याला गोल आकार यावा म्हणून शिवलेली राईची उशी नको, दोन्ही बाजूंचे लोड नकोत, पांघरूणही नको. आजीने पाच साड्यांचे पदर जोडून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी घरात येते तेव्हा तिला ‘नको’ म्हणणं कुणाच्याही जिवावर येईल, आणि म्हणायचं कारणही नाही. ती गोधडी दिवसा जमिनीवर अंथरावी, बाळाला तिच्यावर पालथं घालून मान उचलायला शिकवावं, आजीनेच समोर बसून त्याच्याशी गप्पा माराव्यात. ऊब हवी तर ती अंगातल्या कपड्यांतून यावी. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून एखादा अधिक पुरतो. कुंची, टोपडं घराबाहेर पडताना शोभून दिसतं. घरात झोपताना मात्र डोकं उघडं असावं, कारण बाळ अंगातली जास्तीची उष्णता मुख्यतः डोक्यावाटेच टाकतं. कमी वजनाच्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं, ते त्याच्या डॉक्टरांनी सांगावं.

आणि झोका? ही क्रिब हलत नाही. हलण्याची सोय असलीच तर रात्री ती खीळ लावून बंद करायची असते. दोरीचा लयदार हेलकावा ज्यांच्या कानात अजून कुरकुरतो त्यांना ही उणीव भासेल. मला मात्र इथे झोक्याच्या जागी थोपटणं आलेलं दिसतं. दोरी दूर बसूनही ओढता येते. थोपटायला हात तिथवर न्यावा लागतो. उतरवलेल्या बाजूवरून गेलेला हात, अर्धवट झोपेत हळूहळू मंदावणारी थाप, आणि थाप थांबल्यावर बाळाने एकदा चाळवून पुन्हा निजणं, असा संवाद दोरीच्या पाळण्याने आईला दिला नव्हता. एक पथ्य तेवढं हवं: पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नये, कारण तिथे झोप लागणं अंथरुणात झोप लागण्यापेक्षाही घातक असतं.

या वस्तूचं आयुष्य थोडं असतं. बाळ कुशीवरून उलटायला, हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं की, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात किंवा त्याआधीही, तिचं काम संपतं; त्यानंतर तोच बुटका कठडा, जो आतापर्यंत पुरेसा होता, अपुरा होतो. मग ती पुसून, घडी घालून धाकट्या जावेकडे किंवा चुलत नणंदेकडे जाते, आणि आपल्याकडे बाळंतपणाच्या वस्तू अशा हातोहात फिरतात हे फार चांगलं आहे. फक्त देताना तिची स्वतःची गादी, दोन्ही पट्टे, सारे स्क्रू आणि माहितीपत्रक एकाच पिशवीत बांधून द्यावं. जाळी कुठे उसवली असेल किंवा बकल नीट लागत नसेल तर क्रिब देऊच नये. आणि देण्यापूर्वी घेणाऱ्या घरी फोन करून एक प्रश्न विचारावा: तुमचा पलंग पायांचा आहे की स्टोरेजचा?